बाळाला न पचणारी साखर



दुसरबीडला साखर नवी नाही. जिजामाता सहकारी साखर कारखान्याचं नाव या गावाशी जोडलेलं आहे, आणि ज्या जिजाऊंचं नाव त्या कारखान्याला दिलं गेलं त्यांचं जन्मगाव सिंदखेडराजा हेच इथलं तालुक्याचं ठिकाण. आजचा विषयही साखरेचाच आहे आणि आईचाच आहे. पण ही साखर उसात सापडत नाही. ती आईच्या दुधात असते, आणि ज्या बाळासाठी ती तयार होते त्याला ती पचत नाही. तरीही अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सांभाळण्यात तिचा वाटा मोठा आहे, असं गेल्या काही दशकांचं संशोधन सांगतं.

स्मृतिव्याख्यानात गेलेल्या माणसाची आठवण जागवली जाते. प्रत्येक गावात बारशाआधीच गेलेली बाळंही असतात. त्यांचा फोटो भिंतीवर नसतो, त्यांची तिथी कोणी पाळत नाही, आठवण असते ती फक्त आईला. आजचा विषय त्या बाळांच्याही नावे आहे.

आईच्या दुधातलं पाणी बाजूला ठेवलं तर उरलेल्या पदार्थांत पहिला क्रमांक लॅक्टोज या साखरेचा लागतो. ती लिटरमागे सुमारे ७० ग्रॅम असते आणि तिच्यावर बाळाचं पोषण होतं. दुसरा क्रमांक स्निग्धांशाचा. तिसरा प्रथिनांचा असेल असं कोणालाही वाटेल, पण पुष्कळदा प्रथिनांच्याही आधी साखरेचं एक वेगळंच कूळ येतं. शास्त्रज्ञ त्याला ह्युमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स किंवा थोडक्यात एचएमओ म्हणतात. नेहमीच्या दुधात या साखरा लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम असतात, तर पहिल्या दिवसांच्या चिकात २० ते २५ ग्रॅमपर्यंत. आई स्वतःचं शरीर झिजवून एवढा ऐवज तयार करते, आणि बाळाच्या आतड्यात तो फोडणारं पाचकद्रव्यच नसतं. अगदी थोडा अंश, शंभरात सुमारे एक भाग, रक्तात उतरतो. बाकीची सगळी साखर जशीच्या तशी मोठ्या आतड्यापर्यंत पोचते.

या साखरांची रचना मण्यांच्या माळेसारखी असते. मणी पाचच जातींचे: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामिन, फ्युकोज आणि सायलिक आम्ल. सुरुवात लॅक्टोजच्या जोडीनं होते, मग पुढे मणी ओवले जातात, कुठे फांदी फुटते, कुठे टोकाला फ्युकोज लागतं. अशा दीडशेहून अधिक वेगवेगळ्या माळा आजवर ओळखल्या गेल्या आहेत. गाईच्या दुधात असल्या साखरा असतात, पण जाती कमी आणि प्रमाण माणसाच्या दुधाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. वासराची गरज वेगळी, बाळाची वेगळी.

इथे खरवसाची आठवण येते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी आवडीनं वाटला जातो. तो किती पौष्टिक असतो हे म्हातारी माणसं नातवंडांना सांगतात. आणि कित्येक घरांत बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड असतो, बाळाला बाधतो’ म्हणून पिळून टाकला जात असे. आजही कुठे कुठे टाकला जातो. त्याऐवजी बाळाच्या जिभेला मध लावतात, गूळपाणी देतात, गुटी उगाळतात. मधात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या चिकात ही साखर सर्वात दाट असते तो फेकायचा आणि धोक्याचा मध चाटवायचा, हा उलटा व्यवहार मायेपोटीच होत आला.

न पचणारी साखर आई कशासाठी बनवते, हे कोडं सुटायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शीतील जिवाणू तपासायला सुरुवात केली आणि १८८६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या जिवाणूला आज एशेरिकिया कोलाय, म्हणजेच ई-कोलाय, म्हणतात त्याला त्यांचंच नाव दिलेलं आहे. बाळाचं आरोग्य आणि त्याच्या आतड्यातले जिवाणू यांचा संबंध असला पाहिजे, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुफाट्याचे जिवाणू पाहिले. तेच बायफिडोबॅक्टेरिया, म्हणजेच बायफिडस जिवाणू. वरच्या दुधावरच्या बाळांत ते कमी दिसत होते.

दुधातलं नेमकं काय या जिवाणूंना वाढवतं? इथे दोन माणसांची गोष्ट येते. पॉल ग्यॉर्गी हे हंगेरीत जन्मलेले बालरोगतज्ज्ञ आणि रिचर्ड कून हे रसायनशास्त्रज्ञ. दोघांनी जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये ब-२ जीवनसत्त्वावर एकत्र काम केलं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाच्या ग्यॉर्गींना जर्मनी सोडावी लागली. कून तिथेच राहिले. त्यांना १९३८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, पण नाझी राजवटीच्या बंदीमुळे ते त्यांना तेव्हा स्वीकारता आलं नाही. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत स्थिरावलेले ग्यॉर्गी आणि जर्मनीतले कून यांचं काम पुन्हा एका विषयावर जुळलं. १९५० च्या दशकात त्यांनी दाखवलं की बायफिडस जिवाणूंना वाढवणारा ‘घटक’ म्हणजे आईच्या दुधातल्या या साखळी-साखराच आहेत. न पचणाऱ्या साखरेचा खरा धनी सापडला. आई एकाच दुधातून दोघांना जेवू घालत होती, बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या जिवाणूंना.

हे जिवाणू जेवतात कसे, हे २००८ साली आणखी स्पष्ट झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतल्या शास्त्रज्ञांनी बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस या पोटजातीचा जनुकसंच उलगडला. त्यात ४३ हजार अक्षरांचा एक सलग पट्टा निघाला. आईच्या दुधातली साखर पकडायची, आत ओढायची आणि मणी-मणी सुटे करायचे, एवढंच त्याचं काम. या जिवाणूची अवजारंच आईच्या दुधासाठी घडलेली आहेत. साखर खाऊन तो ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. त्यानं आतडं किंचित आंबट होतं, आणि त्या आंबटपणात पुष्कळ उपद्रवी जंतूंना वाढता येत नाही. त्याच ॲसिटिक आम्लाचा आतड्याच्या भिंतीतल्या पेशींनाही उपयोग होतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला दूर जावं लागत नाही. लोणारचं सरोवर जवळच आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि बघायला गर्दी लोटली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा त्यात हॅलोआर्किया नावाचे, खारटपणावर पोसणारे सूक्ष्मजीव निघाले. उन्हानं पाणी आटलं, क्षार दाट झाले, आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या या जिवांचा जोर वाढला. नमुना काही काळ स्थिर ठेवला की ते तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. सरोवरात कोणी नांदायचं हे त्या पाण्यातल्या क्षारांनी ठरवलं होतं. बाळाच्या आतड्यातही तसंच होतं. तिथे कोणाची वस्ती बसणार, हे पहिल्या काही आठवड्यांत पोटात काय पडतं यावर फार अवलंबून असतं.

पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळात ही वस्ती बहुधा सुरळीत बसते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं तसं नसतं.

भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. हा आकडा जगात सर्वाधिक आहे, आणि जगातल्या अशा बाळांपैकी पाचातलं एक बाळ भारतातलं होतं. सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं जुन्या बायका म्हणायच्या. खरं पाहता आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या पंधरा आठवड्यांत आतड्याची लांबी जवळपास दुप्पट होते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला छातीशी लावलं तरी ते पोटभर ओढू शकत नाही. म्हणून त्याच्या नाकातोंडातून पोटात बारीक नळी घालतात आणि सिरिंजनं दूध देतात.

या बाळाच्या वाट्याला येणारी जिवाणूंची वस्तीही निराळी असते. जन्म पुष्कळदा शस्त्रक्रियेनं, लगेच अँटिबायोटिक्स, मुक्काम काचेच्या पेटीत, आणि भोवती रुग्णालयातले जंतू. बायफिडस जिवाणू उशिरा येतात, काहींत येतच नाहीत. कोवळ्या आतड्याच्या भिंतीवर टीएलआर-४ नावाचा एक संवेदक असतो. आईच्या पोटात असताना आतड्याच्या घडणीसाठी तो जोरात काम करत असतो. बाळ वेळेआधी बाहेर आलं तरी त्याचा जोर ओसरलेला नसतो. जंतूंच्या आवरणातला एक पदार्थ त्याला लागला की तो नको इतका भडकतो. पेशी मरतात, रक्तवाहिन्या आकसतात, आतड्याचा तो भाग उपाशी पडतो. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘एनईसी’ म्हणतात.

तो सुरू होतो तेव्हा खुणा साध्या दिसतात. कालपर्यंत दूध पचत होतं, आज नळीतून हिरवट पाणी परत येतं. पोट फुगून कातडी चकाकते. शीत रक्ताचा अंश दिसतो. क्ष-किरणाच्या चित्रात आतड्याच्या भिंतीच्या आतच हवेचे बुडबुडे उमटतात. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या शंभर बाळांमागे साधारण पाच ते दहा बाळांना हा आजार गाठतो, आणि गाठलेल्या शंभरांत वीस ते तीस बाळं जातात. वाचलेल्यांपैकी काहींचं आतडं कापावं लागलेलं असतं.

या आजारात दूध कोणतं, हा प्रश्न किती मोठा आहे हे १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातल्या अभ्यासानं दाखवलं. ॲलन लुकास आणि टिम कोल यांनी इंग्लंडमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नोंदी मांडल्या. फक्त पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांत निश्चित झालेला हा आजार, फक्त मानवी दुधावर असलेल्या बाळांच्या तुलनेत सहा ते दहापट अधिक होता. तीस आठवड्यांहून मोठ्या बाळांत तर फरक वीसपट होता. दुधातल्या कोणत्या घटकानं हे साधलं, ते मात्र त्या अभ्यासातून कळत नव्हतं. प्रतिद्रव्यं, लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन, जिवंत पेशी असे कितीतरी दावेदार होते.

साखरेवरचा संशय पक्का होत गेला तो गेल्या पंधरा वर्षांत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेत लार्स बोड यांच्या गटानं २०१२ साली उंदरांच्या पिलांवर प्रयोग केले. मातृदुग्धातली साखर मिसळल्यावर आजार घटला, आणि माळा एकेक करून वेगळ्या केल्यावर सर्वात प्रभावी ठरली ती डायसायलिल-लॅक्टो-एन-टेट्राओज, म्हणजे डीएसएलएनटी. चार मण्यांच्या माळेला सायलिक आम्लाचे आणखी दोन मणी. पुढे याच गटानं २०० माता आणि त्यांची अतिशय कमी वजनाची बाळं यांचा मागोवा घेतला. ज्या आठ बाळांना आजार झाला, त्यांच्या आयांच्या दुधात डीएसएलएनटी कमी होती. इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या संशोधकांनी आजार झालेली ३३ बाळं आणि त्यांच्या जोडीची ३७ निरोगी बाळं तपासली. तिथेही आजारी बाळांच्या आयांच्या दुधात हीच साखर कमी निघाली, आणि त्या बाळांच्या आतड्यांत बायफिडस जिवाणूंची एक महत्त्वाची जातही कमी होती.

म्हणजे साखर दोन वाटांनी काम करते. एक वाट जिवाणूंना खाऊ घालण्याची. दुसरी थेट. आतड्याच्या भिंतीला चिकटण्यासाठी जंतूला खुंटी लागते, आणि त्या भिंतीवरची खुंटीही साखरेच्या साखळीचीच असते. दुधातून तशाच असंख्य खुंट्या मोकळ्या तरंगत येतात. जंतू त्यांनाच लटकतो आणि शीबरोबर बाहेर जातो. शिवाय यांतल्या काही साखरा त्या भडकणाऱ्या टीएलआर-४ संवेदकाला शांत करतात, असं प्राण्यांवरच्या आणि आतड्याच्या ऊतींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. बायफिडस जिवाणू अजून पोचले नसले तरी ही दुसरी वाट चालू असते, आणि सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला तिचा आधार मोठा असतो.

आता एक गोष्ट सांभाळून सांगायला हवी. सगळ्या आयांचं दूध सारखं नसतं. एफयूटी-२ नावाच्या जनुकावर दुधात फ्युकोजच्या काही माळा असणार की नाही, हे ठरतं. साधारण पाचात एका बाईच्या दुधात त्या जवळपास नसतात. आईनं काय खाल्लं, काय पाळलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. डोळ्यांचा रंग जसा वारशानं येतो तसंच हे. डीएसएलएनटी कमी असणं हाही आईचा दोष नाही. एखाद्या बाळाला हा आजार झाला तर ‘तुझ्याच दुधात काही नव्हतं’ असं सासरी बोललं जाऊ नये, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. डीएसएलएनटी कमी असलेल्या दुधातही दीडशे प्रकारच्या इतर साखरा, प्रतिद्रव्यं आणि लॅक्टोफेरिन असतंच. तेवढं कोणत्याही डब्यात मिळत नाही.

मग ही साखर बाहेरून देता येणार नाही का? प्रयत्न चालू आहेत. टू-फ्युकोसिललॅक्टोज ही माळ आता कारखान्यात तयार होते, तीही ई-कोलायच्या एका निरुपद्रवी वाणाकडून आंबवून घेऊन. काही देशांत ती पावडरच्या दुधात घातली जाते. पण दीडशेंपैकी एक-दोन माळा घालणं आणि सगळा साज देणं यात अंतर आहे. उपयुक्त जिवाणूच थेट बाळाला द्यावेत, हा दुसरा मार्ग. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १,०९९ बाळांवरच्या चाचणीत तीन जिवाणूंच्या मिश्रणानं हा आजार शंभरी ४.४ वरून २ वर आला. इंग्लंडमधल्या १,३१५ बाळांवरच्या चाचणीत दुसऱ्या एका बायफिडस जातीनं काहीच फरक पडला नाही. आणि २०२३ साली असं उत्पादन दिलेलं एक अगदी लहान बाळ त्याच जिवाणूच्या रक्तसंसर्गानं दगावल्यावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं डॉक्टरांना इशारा दिला. औषधाच्या दुकानातून पुडी आणून घरी द्यावी असा हा विषय नाही.

भारतातलाही एक मोठा दाखला आहे. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ती २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्याला खायला वनस्पतीजन्य साखर अशी जोडी सात दिवस दिली. रक्तसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण शंभरी ९ वरून ५.४ वर आलं. ही बाळं अंगावर पिणारी, दोन किलो किंवा त्याहून अधिक वजनाची आणि पस्तीस आठवडे भरलेली होती. म्हणून हा निष्कर्ष एक किलोच्या बाळाला तसाच लावता येत नाही. पण जिवाणू आणि त्याचं खाणं एकत्र द्यायचं, ही आईच्या दुधाचीच रीत इथे खेड्यापाड्यांत कामी आली.

महाराष्ट्रात यातल्या बऱ्याचशा शास्त्राच्या आधीच एका डॉक्टरनं रस्ता दाखवला होता. मुंबईत धारावीला लागून असलेलं सायनचं लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय. तिथल्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती. त्यांनी वरचं दूध आणि बाटल्या बंद केल्या आणि आयांना कक्षात आणलं. बाळाची देखभाल आईनंच करायची, परिचारिकांनी तिला शिकवायचं. मग प्रश्न उभा राहिला तो आई आजारी असलेल्या किंवा पुरेसं दूध न येणाऱ्या बाळांचा. त्यासाठी नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली. जगातली पहिली अशी पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली होती, आणि ती काढणारे होते तेच एशेरिश, ज्यांनी तान्ह्यांच्या शीतील जिवाणू मोजायला सुरुवात केली होती. डॉ. फर्नांडिस पुढे सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली, ती वस्त्यांमधल्या माता-बालकांसाठी काम करते.

दूधपेढीचं काम बँकेसारखंच चोख असतं. दूध देणाऱ्या मातेची एचआयव्ही, बी प्रकारची कावीळ आणि सिफिलिससाठी तपासणी होते. तिचं स्वतःचं बाळ पोटभर प्यालं की उरलेलं दूध ती देते. ते निर्जंतुक भांड्यात गोळा होतं, मग ६२.५ अंश सेल्सिअसला बरोबर ३० मिनिटं तापवतात आणि झटकन थंड करतात. प्रत्येक घाण्यातला नमुना जंतूंसाठी तपासला जातो. काही उगवलं तर तो सगळा घाणा फेकून देतात. उरलेलं दूध उणे २० अंशाला गोठवून ठेवतात. या तापवण्यात दुधाचं नुकसान होतं. स्निग्धांश पचवणारं पाचकद्रव्य जातं, प्रतिद्रव्यांचा काही भाग जातो, जिवंत पेशी मरतात. साखरेच्या माळा मात्र त्या उष्णतेत जवळजवळ अभंग राहतात. दात्या आईच्या दुधातून अनोळखी बाळापर्यंत शाबूत पोचणाऱ्या गोष्टींत ही साखर अग्रभागी आहे. आईचं दूध मिळत नसेल तेव्हा पेढीतल्या दुधाऐवजी पावडर दिली तर एनईसीचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे.

दुसरबीडपासून सायन फार लांब आहे. इथल्या कुटुंबासमोरचा प्रश्न अंतराचाच असतो. बाई सातव्या महिन्यात अडते, बाळ बाराशे ग्रॅमचं जन्मतं, आणि १०८ क्रमांकाच्या गाडीतून ते जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या रुग्णालयात पोचतं. पुष्कळदा आई मागेच राहते, टाके ओले असतात म्हणून. बाळाबरोबर वडील किंवा मामा असतात, आणि काचेपलीकडून विचारणा येते, ‘दुधाचं काय?’ एका गावात आईचे स्तन दुधानं ठणकत असतात, दुसऱ्या गावात बाळ उपाशी असतं. मधल्या वेळेत पावडरचा डबा आणला जातो, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. डब्याच्या जाहिरातींवर देशात १९९२ सालच्या कायद्यानं बंदी आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. पण डबा जाहिरातीवाचूनही पोचतो, कारण त्या क्षणी दुसरं काही हाताशी नसतं.

म्हणून आई आणि बाळ यांना एकत्र पाठवणं हा उपचाराचाच भाग आहे. २०११ सालच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाची ने-आण आणि सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत आहेत; गाडी मागताना आईचीही जागा मागावी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होतं त्या, पाच देशांतल्या ३,२११ बाळांच्या चाचणीत, आईला जन्मापासूनच अतिदक्षता कक्षात बाळाजवळ ठेवून छातीशी उघड्या अंगावर धरायला लावलं तेव्हा मृत्यू एक चतुर्थांशानं घटले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि १९९९ साली त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, तेव्हा गावातली बाई काय करू शकते हे जगानं पाहिलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती त्याच वाटेनं. चिकाबद्दल आजीला समजावणारी ती पहिली माणूस असते. बाळंतपणाआधी, आठव्या महिन्याच्या ओटीभरणाची वाट न बघता, तिनं हे बोलावं.

आणि मागेच राहिलेल्या आईनं काय करायचं, तेही आधी सांगून ठेवलेलं बरं. बाळ जवळ नसलं तरी प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांत हातानं दूध काढायला सुरुवात करायची, आणि मग दिवसरात्र मिळून आठ वेळा. रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण काढलं नाही तर शरीराला वाटतं की दुधाची गरज उरली नाही.

पहिल्या दिवशी निघतं किती? उकळून थंड केलेल्या स्टीलच्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं बोटांनी दाबलं की तळाशी पिवळसर, चिकट असं चमचाभरही भरत नाही. बाई रडवेली होते, सासू म्हणते की पान्हाच फुटला नाही. पण हिशेब करून पाहावा. एवढ्या लहान बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे १० ते २० मिलिलिटरच दूध द्यायचं असतं. बाराशे ग्रॅमच्या बाळाला दिवसभरात बारा ते चोवीस मिलिलिटर, तेही वाटून, एका वेळी दोन-तीन मिलिलिटर. वीस मिलिलिटर चिकात चाळीस शतांश ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमटीत मावेल एवढी, ही साखर असते. एका दिवसाची आतड्याची राखण तेवढ्या चिमटीवर चालते. वाटीतलं ते पिवळं पाणी कमी नसतं. बाळाला लागतं तेवढंच असतं.

वाटीतलं दूध सिरिंजनं ओढून घेतात. एक थेंबही भांड्याला राहू नये म्हणून परिचारिका वाटी तिरकी धरते. सिरिंजवर आईचं नाव, तारीख, वेळ. दोन-तीन थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात, बाकीचं नळीतून जातं. गावाहून पाठवायचं असेल तर झाकणाच्या उकळलेल्या डबीत, बर्फाच्या डब्यात ठेवून, नवजात कक्षाच्या सिस्टरच्या हाती. सिंदखेडराजाच्या फाट्यावर पहाटे एसटीत चढणाऱ्या मामाच्या पिशवीत तो डबा असला, तर बाळाचं पुढचं दूध आईचंच असेल.